आधी वाचन, मग अर्ज

परदेशातील संशोधन-इंटर्नशिप म्हणजे पदवीचे शिक्षण चालू असताना दोन-तीन महिने परदेशी विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या एखाद्या गटात राहून केलेले काम. विद्यार्थ्याला तिथे वर्ग नसतात आणि परीक्षाही नसते. एक छोटा प्रश्न मिळतो, बसायला टेबल मिळते आणि अडले तर विचारायला बहुधा गटातला पीएच.डी. करणारा कोणी असतो. शेवटी अहवाल लिहायचा, गटासमोर पंधरा-वीस मिनिटे बोलायचे आणि परत येऊन पुढच्या सत्राला बसायचे. कुठे निर्वाहभत्ता मिळतो, कुठे विमानाचे भाडेही मिळते, तर कुठे यांपैकी काहीच मिळत नाही. या थोड्या आठवड्यांत संशोधन हे आपले काम आहे की नाही, हे मात्र विद्यार्थ्याला कळते, आणि ते पदवीच्या तीन-चार वर्षांत एरवी क्वचितच कळते.

या इंटर्नशिपकडे जाणाऱ्या वाटा मुख्यतः दोन. एक वाट ठरलेल्या योजनांची. कॅनडातली मिटॅक्स ग्लोबलिंक ही त्यांतली भारतात सर्वांत परिचित. २००९ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांच्या एका छोट्या गटापासून ती सुरू झाली आणि पुढे इतर देशांतही पसरली. मे ते ऑक्टोबर या काळात सलग बारा आठवडे काम असते. विद्यार्थी जाहीर झालेल्या प्रकल्पांतून आपली पसंती देतो आणि त्या प्रकल्पांचे प्राध्यापक अर्ज पाहून, बहुधा ऑनलाइन बोलून निवड करतात. अमेरिकेत जाण्यासाठी भारत-अमेरिका सहकार्यातून सत्येंद्रनाथ बोस आणि हरगोविंद खुराना यांच्या नावांच्या योजना उभ्या राहिल्या. खुराना १९६० ते १९७० या काळात विस्कॉन्सिन विद्यापीठात होते आणि १९६८ चे नोबेल त्यांना तिथल्याच कामासाठी मिळाले. म्हणून त्यांच्या नावाच्या योजनेचे विस्कॉन्सिनशी नाते आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत उन्हाळी विद्यार्थी-योजना चालते. भारत २०१७ मध्ये सर्नचा सहयोगी सदस्य झाला, तेव्हापासून भारतीय विद्यार्थी तिथे सदस्य देशांच्या रांगेत अर्ज करू शकतात. स्वित्झर्लंडमधील ईटीएच आणि ईपीएफएल, जपानमधील ओकिनावाची संशोधन संस्था यांच्याही स्वतःच्या योजना आहेत.

दुसरी वाट स्वतः प्राध्यापक शोधण्याची. योजना नाही, जाहिरात नाही. विद्यार्थी पत्र लिहितो आणि प्राध्यापक होकार किंवा नकार देतो. बहुतेक वेळा तो काहीच कळवत नाही. या दोन वाटा जिथे मिळतात तिथे जर्मनीची ‘वाइज’ योजना उभी आहे. १९२५ मध्ये स्थापन झालेली डाड ही जर्मन शैक्षणिक विनिमय संस्था ती चालवते. शिष्यवृत्ती डाड देते, पण यजमान प्राध्यापक विद्यार्थ्याने आधी स्वतः मिळवायचा आणि त्याचे निमंत्रणपत्र अर्जाला जोडायचे. शिवाय ही योजना आयआयटी, एनआयटी, आयसर अशा यादीत असलेल्या संस्थांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना संलग्न असलेल्या शेकडो महाविद्यालयांतले विद्यार्थी या यादीबाहेर राहतात. ही अडचण खरी आहे आणि ती अन्यायाचीही आहे. त्यांच्यासाठी उरतात त्या सर्नसारख्या खुल्या योजना आणि थेट पत्राची वाट. म्हणून पत्र नीट लिहिता येण्याची गरज आयआयटीतल्या मुलापेक्षा जिल्ह्याच्या गावातल्या मुलीला अधिक आहे.

इथे एक घोटाळा आधीच दूर करायला हवा. नामांकित विद्यापीठांच्या आवारात भरणारे आणि लाखांत शुल्क घेणारे ‘समर स्कूल’ म्हणजे संशोधन-इंटर्नशिप नव्हे. तिथे तास होतात आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. प्रयोगशाळेतल्या चालू कामाशी त्याचा संबंध असेलच असे नाही. ‘परदेशात इंटर्नशिप मिळवून देतो’ म्हणून पैसे मागणारे मध्यस्थही आता तालुक्यापर्यंत पोहोचले आहेत. वर सांगितलेल्या योजनांत जागा विकत मिळत नाहीत. जिथे प्रवेशासाठी मोठी रक्कम आधी भरायला सांगतात, तिथून पालकांनी परत फिरावे.

तयारीचे वेळापत्रक उलटे मोजावे लागते. काम मे-जूनमध्ये सुरू होणार असेल, तर मोठ्या योजनांच्या मुदती आदल्या वर्षीच्या सप्टेंबर ते जानेवारीदरम्यान संपतात. ग्लोबलिंकची मुदत साधारण सप्टेंबरात, वाइजची नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सर्नची जानेवारीच्या अखेरीस. तारखा दरवर्षी पुढेमागे होतात, म्हणून त्या-त्या योजनेचे चालू वर्षाचे निवेदनच प्रमाण मानायचे. नोव्हेंबरात निमंत्रणपत्र हातात हवे असेल, तर ऑगस्ट-सप्टेंबरात प्राध्यापकांना पत्रे जायला हवीत आणि त्याआधी जून-जुलै वाचनात जायला हवेत. आपल्याकडे नेमके हेच महिने नव्या वर्षाच्या प्रवेशात आणि वेळापत्रकाच्या गोंधळात संपतात. गुणवत्ता असून मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांची कहाणी बहुधा याच दोन महिन्यांत घडलेली असते.

वाचन हा या साऱ्या तयारीचा गाभा. अर्जातले उरलेले कागद त्याच्याभोवती उभे राहतात. कोणत्या विषयात जायचे हे ढोबळमानाने ठरले, की त्या विषयात काम करणारे पंधरा-वीस गट शोधायचे आणि प्रत्येकाचे मागच्या दोन-तीन वर्षांतले निबंध पाहायचे. जुने गाजलेले काम वाचून पत्र लिहिणे ही नेहमीची चूक आहे; प्राध्यापक त्या प्रश्नापासून केव्हाच दूर गेलेले असतात. भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्रातले निबंध १९९१ पासून चालू असलेल्या ‘अर्काइव्ह’ या खुल्या संग्रहात फुकट मिळतात. जीवशास्त्रासाठीही तसाच संग्रह आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात महागडी नियतकालिके नसणे ही आता पूर्वीइतकी मोठी भिंत राहिलेली नाही.

निबंध वाचायचीही रीत असते. आधी सारांश, मग आकृत्या आणि त्यांखालच्या ओळी, मग निष्कर्ष आणि शेवटी पद्धतीचा भाग. पहिल्या वाचनात अर्धे कळत नाही, हे स्वाभाविक आहे. दुसऱ्या वाचनात न कळलेल्या गोष्टींची यादी करायची आणि तिसऱ्यात त्यांतल्या दोन-तीन पाठ्यपुस्तकातून सोडवायच्या. लेखकांची नावेही वाचायची असतात. प्रयोगशील विज्ञानात पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्या तरुण संशोधकाचे आणि शेवटचे गटप्रमुखाचे असते, तर गणितात नावे वर्णानुक्रमे लावतात. पत्र कोणाला जायला हवे, हे यावरून कळते. पंधरा गटांतून अखेर पाच-सहाच उरतात, आणि तेवढे पुरेसे असतात. शंभर प्राध्यापकांना एकच मजकूर पाठवण्यापेक्षा सहा जणांना सहा वेगळी पत्रे लिहिणे अवघड आहे. पण शंभरांतले प्रत्येक पत्र उघडताक्षणी ओळखू येते.

अनोळखी शास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्राचे भारतातले सर्वांत मोठे उदाहरण १९२४ चे आहे. ढाका विद्यापीठातले सत्येंद्रनाथ बोस तेव्हा तिशीत होते. ४ जून १९२४ रोजी त्यांनी आइन्स्टाइनना पत्र लिहिले आणि सोबत आपला निबंध पाठवला. त्या छोट्या पत्रात आपण काय केले आहे ते नेमके सांगितले होते. प्लांकच्या नियमातला एक गुणक तोवर जुन्या विद्युतगतिकीचा आधार घेऊन काढत. बोस यांनी तो त्या आधाराशिवाय काढून दाखवला होता. मागणीही स्पष्ट होती: निबंध योग्य वाटला तर जर्मनमध्ये त्याचे भाषांतर होऊन तो प्रसिद्ध व्हावा. आइन्स्टाइननी स्वतः भाषांतर केले आणि निबंध ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिझिक’मध्ये छापून आला. पुढे आइन्स्टाइनचे पोस्टकार्ड दाखवताच विद्यापीठाने बोसना परदेशी जायला दोन वर्षांची रजा दिली आणि जर्मन वकिलातीत त्याच कार्डामुळे व्हिसाही सहज मिळाला, असे बोस सांगत. आजच्या भाषेत ते कार्ड म्हणजे निमंत्रणपत्रच. पत्र थोडके, त्यात झालेले काम दाखवलेले आणि मागणी एकच. ही मांडणी आजही तशीच चालते.

आता विद्यार्थ्याच्या मापाचे उदाहरण. समजा, सांगलीकडच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला रेडिओ खगोलशास्त्रात रस आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची दुर्बीण आहे. तिने १५० मेगाहर्ट्‍झच्या आसपास केलेल्या आकाश-सर्वेक्षणाच्या प्रतिमा सर्वांना खुल्या आहेत. अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीचे १.४ गिगाहर्ट्‍झचे सर्वेक्षणही तसेच खुले आहे. एकाच रेडिओ-स्रोताची तेजस्विता या दोन वारंवारितांना मोजली, की वारंवारिता वाढताना ती किती झपाट्याने घटते याचा निर्देशांक काढता येतो. बहुतेक स्रोतांचा निर्देशांक उणे ०.७ ते उणे ०.८ च्या आसपास असतो. एखाद्याचा उणे १.३ च्याही पलीकडे गेला, तर तो फार दूरच्या आकाशगंगेचा असण्याची शक्यता तपासण्याजोगी असते. या कामाला एक साधा संगणक, इंटरनेट आणि चिकाटी लागते.

समजा, या मुलीला बॉनमधल्या माक्स प्लांक रेडिओ खगोलशास्त्र संस्थेतल्या एखाद्या संशोधकाला लिहायचे आहे. याच संस्थेची १०० मीटरची दुर्बीण एफेल्सबर्गला आहे. तिने आपल्याकडच्या नेहमीच्या साच्यातले पत्र लिहिले, तर त्यात ‘आदरणीय सर’, आपण फार कष्टाळू असल्याची ग्वाही, लहानपणापासूनचे ताऱ्यांचे वेड, त्यांच्या महान संशोधनाने भारावल्याचा उल्लेख आणि ‘कृपया एक संधी द्या’ ही विनंती येईल. ‘सर’ लिहिले तरी पत्र घेणाऱ्या बाई असण्याचीही शक्यता आहे. यातले एकही वाक्य त्या संशोधकाच्या कामाला चिकटलेले नाही. नाव बदलून हेच पत्र सागरी जीवशास्त्रज्ञालाही पाठवता येईल.

दुसरे पत्र इंग्रजीतच जाईल, पण त्याचा मराठी आशय असा असेल: ‘मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. तीव्र निर्देशांकाच्या स्रोतांवरचा आपला अलीकडचा निबंध वाचून मी जीएमआरटी आणि व्हीएलएच्या खुल्या सर्वेक्षणांतून चाळीस स्रोतांचे निर्देशांक काढले. चार स्रोत उणे १.३ च्या पलीकडे आले. पण पहिल्या सर्वेक्षणाची विभेदनक्षमता २५ विकला आहे आणि दुसऱ्याची ४५ विकला, त्यामुळे पसरट स्रोतांच्या बाबतीत माझी तुलना चुकत असावी. आपण निबंधात हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला आहे. ती रीत मला शिकायची आहे. माझी परीक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यात संपते. त्यानंतर दहा आठवडे आपल्या गटात काम करता येईल का? खर्चासाठी मी शिष्यवृत्तीला अर्ज करणार आहे. तक्ता आणि माझी माहिती सोबत जोडली आहे.’

दहा ओळींच्या या पत्रात मुलीने आपली चूक स्वतः दाखवली आहे. अनुभवी संशोधकाचे लक्ष तिथेच थांबते. आपल्या आकड्यांवर शंका घेता येणे ही संशोधनाची पहिली अट आहे, आणि तिचा पुरावा पत्रातच मिळाला. पत्राचा विषय ‘इंटर्नशिपसाठी विनंती’ एवढाच न ठेवता त्यात प्रश्नाचे नाव यावे. संबोधन ‘डिअर प्रोफेसर’ आणि पुढे आडनाव. उत्तर आले नाही, तर दोन आठवड्यांनी एक नम्र आठवण पाठवावी आणि मग तो विषय सोडावा. संगणकाकडून गुळगुळीत इंग्रजी लिहून घेणे आता सोपे झाले आहे, पण त्यामुळे सगळी पत्रे एकसारखी होऊ लागली आहेत. थोडे अडखळते पण स्वतःचे इंग्रजी त्यापेक्षा जास्त विश्वासार्ह ठरते.

अशा पत्राला मुळात काहीतरी काम झालेले असावे लागते, आणि ते काम भारतातच होते. मुंबईत मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘नियस’ हा उपक्रम चालवते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्यात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्थांत सुट्टीतले विद्यार्थी घेतले जातात. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन-शिष्यवृत्ती देतात आणि तिच्यातून निवडलेले विद्यार्थी देशभरच्या प्रयोगशाळांत जातात. परदेशी जायच्या आधीच्या उन्हाळ्यात यांपैकी एखादी पायरी चढलेला विद्यार्थी वेगळाच दिसतो. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, म्हणजे तेव्हाच्या कमला भागवत, १९३७ मध्ये केंब्रिजला गेल्या, त्याआधी त्यांनी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले होते. त्या संस्थेत प्रवेश मिळवण्यासाठीही, स्त्री म्हणून झालेला नकार न स्वीकारता, त्यांना सत्याग्रहाची भूमिका घ्यावी लागली होती. १९३९ मध्ये केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली. त्यांच्या हातात प्रयोगशाळेची सवय आधीच होती.

याच्या उलट, पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांत निबंध प्रसिद्ध करून माहितीपत्रक भारदस्त करण्याची पद्धत अभियांत्रिकी महाविद्यालयांत फार बोकाळली आहे. तिने अर्जाचे नुकसानच होते. निवड करणारा माणूस त्याच क्षेत्रातला असतो आणि नियतकालिकाचे नाव पाहूनच काय ते ओळखतो. प्रसिद्ध न झालेला पण नीट लिहिलेला चार पानांचा अहवाल अधिक मोलाचा आहे.

माहितीपत्रकाबद्दल थोडक्यात. आपल्याकडच्या बायोडाट्यावर लग्नाच्या स्थळाच्या कागदाची छाया अजून आहे. वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद, आणि खाली ‘वरील माहिती सत्य आहे’ असे लिहून सही. संशोधनाच्या अर्जात यातले काही लागत नाही. शिक्षण, केलेले प्रकल्प, येणारी साधने आणि संगणकभाषा, हे सगळे एक-दोन पानांत बसावे. प्रकल्पापुढे त्याचे नुसते नाव न देता आपण त्यात नेमके काय केले, ते एका ओळीत लिहावे. चार जणांच्या गटप्रकल्पात आपला वाटा कोणता होता, हे मुलाखतीत हमखास विचारतात.

उद्देशपत्रात बालपणापासूनची गोष्ट सांगण्याचा मोह टाळायला हवा. एक प्रश्न, त्यासाठी आजवर केलेले काम, याच गटात जाण्याचे कारण आणि परत आल्यावर त्याचा उपयोग, एवढी चौकट पुरते. घरची परिस्थिती कठीण असेल आणि तिचा शिक्षणावर परिणाम झाला असेल, तर ते दोन वाक्यांत सरळ सांगावे. एका सत्रात गुण कमी का पडले, हे वाचणाऱ्याला कळलेले बरे असते. त्यात कमीपणा नाही.

शिफारसपत्र हा मात्र आपल्याकडचा सर्वांत दुखरा भाग आहे. विद्यार्थी शिक्षकांकडे जातो आणि शिक्षक म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ यामागे प्रत्येक वेळी बेपर्वाई असते असे नाही. एका वर्गात शंभर-सव्वाशे मुले, प्रात्यक्षिकांच्या तुकड्या, परीक्षेची कामे, आणि अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावर नेमलेले प्राध्यापक, जे पुढच्या वर्षी त्या महाविद्यालयात असतीलच असे नाही. तरीही विद्यार्थ्याने स्वतःची स्तुती लिहून आणणे आणि शिक्षकांनी तिच्यावर सही करणे ही फसवणूक आहे, आणि तिचा तोटा विद्यार्थ्यालाच होतो. उद्देशपत्र आणि शिफारसपत्र एकाच हातचे आहे, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात येते. एकाच महाविद्यालयातून आलेल्या तीन विद्यार्थ्यांची पत्रे शब्दशः सारखी निघाली, तर तिघांचेही अर्ज बाजूला पडू शकतात.

यावर उपाय आहे आणि तो फारसा कष्टाचा नाही. मुदतीच्या किमान चार आठवडे आधी शिक्षकांना भेटावे आणि एक पान टिपण द्यावे. त्यात योजनेचे नाव, शेवटची तारीख, आपण त्यांच्याकडे कोणता विषय शिकलो, कोणता प्रयोग किंवा प्रकल्प केला, आणि त्यांना आठवेल असा एखादा प्रसंग असावा. मजकूर शिक्षकांनीच लिहावा. चांगल्या शिफारसपत्रात विशेषणांऐवजी प्रसंग असतो. समजा, एलईडी वापरून प्लांकचा स्थिरांक काढायच्या प्रयोगात तुकडीचे उत्तर पुस्तकाशी जुळत नव्हते. इतरांनी जर्नलमध्ये आकडे जुळवून घेतले. एका विद्यार्थिनीने तसे केले नाही. दिवा नेमका कोणत्या व्होल्टतेला पेटला असे धरायचे, यावरच उत्तर हलते हे तिने शोधून काढले आणि पुढच्या आठवड्यात नव्या रीतीने पुन्हा मापे घेतली. शिक्षकांनी एवढे पाच ओळींत लिहिले, तर ‘अत्यंत हुशार, मेहनती आणि प्रामाणिक’ या शब्दांची गरज उरत नाही. शिक्षकांचे इंग्रजी साधे असले तरी चालते. प्रसंग खरा असावा लागतो.

पत्र कसे पोहोचते, हेही शिक्षकांना सांगावे लागते. योजनेकडून थेट त्यांच्या ईमेलवर दुवा येतो आणि तो पुष्कळदा स्पॅममध्ये जाऊन पडतो. संस्थेच्या नावाचा ईमेल असेल तर तोच द्यावा, कारण खासगी ईमेलवरून आलेल्या पत्राकडे काही ठिकाणी संशयाने पाहतात. पत्र विद्यार्थ्याने वाचायचे नसते, अशी अट अनेक अर्जांत असते. ती पाळायची असते.

कागदपत्रांत सर्वांत जास्त वेळ जातो तो नावात आणि गुणांत. महाराष्ट्रातल्या अनेक गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि काही विद्यापीठांत पुढे आईचेही नाव असते. पासपोर्टवर आडनाव आणि दिलेले नाव असे दोनच रकाने असतात. ‘जाधव स्नेहल सुनील’ अशी गुणपत्रिका समोर ठेवून अर्ज भरणारी मुलगी पहिल्या नावाच्या चौकटीत ‘जाधव’ लिहिते, निमंत्रणपत्र त्याच नावाने निघते आणि व्हिसाच्या खिडकीवर अडते. सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव लिहावे. पासपोर्ट नसेल, तर अर्जाच्या वर्षाआधीच काढून ठेवावा. साध्या ३६ पानी पासपोर्टचे सरकारी शुल्क १,५०० रुपये आहे. पोलीस पडताळणीत मात्र आठवडे जाऊ शकतात, आणि वसतिगृहाचा पत्ता दिला असेल तर जास्तच.

गुणांचे रूपांतरही समजून घ्यावे. जर्मनीत १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४ ही उत्तीर्णतेची. तिथे वापरले जाणारे सूत्र असे: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागायचे, तिनाने गुणायचे आणि त्यात एक मिळवायचा. दहापैकी ८.५ सीजीपीए आणि उत्तीर्णतेची पातळी ४ असेल, तर उत्तर १.७५ येते, आणि ते चांगले मानले जाते. एटीकेटी असेल तर लपवू नये, कारण गुणपत्रिकेत ती दिसतेच. विद्यापीठाकडून एकत्रित गुणतक्ता मिळवायला लागणारा वेळ वेळापत्रकात आधीच धरावा.

मुलाखत झालीच, तर ती वीस-तीस मिनिटांची आणि बहुधा अनौपचारिक असते. प्राध्यापक विद्यार्थ्याच्याच प्रकल्पावर बोलतात. ‘माहीत नाही, पण असे शोधता येईल’ हे उत्तर तिथे चालते. आपल्या वर्गांत ते उत्तर द्यायची सवय नसल्याने विद्यार्थी ते द्यायला कचरतात.

होकार आल्यानंतर तारखा जुळवणे हे पहिले काम. राज्यातल्या विद्यापीठांच्या उन्हाळी परीक्षा अनेकदा जूनपर्यंत लांबतात. जर्मनीत उन्हाळी सत्राचे तास जुलैच्या मध्यापर्यंत चालतात आणि ऑगस्टमध्ये युरोपातले अनेक गट सुट्टीवर जातात. म्हणून परीक्षेची अडचण पहिल्याच पत्रात सांगितलेली बरी. दुसरा हिशेब दिवसांचा. शेंगेन देशांचा अल्पमुदतीचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांपुरता असतो, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा दिवसही त्यात मोजला जातो. १ जून ते ३१ ऑगस्ट म्हणजे ‘तीन महिने’, पण दिवस ९२ होतात. या दोन दिवसांसाठी व्हिसाचा प्रकारच बदलतो. या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमाही लागतो. अमेरिकेसाठी यजमान विद्यापीठ डीएस-२०१९ हा कागद पाठवते, २२० डॉलरचे वेगळे शुल्क भरावे लागते आणि मग मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत होते.

पैशाची अडचण बहुधा शेवटी उभी राहते. काही योजना प्रवासखर्च नंतर परत करतात, म्हणजे तिकिटाचे आणि पहिल्या महिन्याच्या घरभाड्याचे पैसे कुटुंबाला आधी उभे करावे लागतात. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आणि १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा निधीची कर्ज-शिष्यवृत्ती या परदेशातील उच्च शिक्षणासाठी आहेत. पदवी चालू असताना केलेल्या दोन महिन्यांच्या कामाला त्या लागू पडत नाहीत. शिष्यवृत्ती मिळूनही तिकिटाअभावी जागा सोडावी लागणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे. महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थी संघांनी दोन-तीन लाखांचा परतफेडीचा निधी ठेवला, तर दरवर्षी दोन-तीन मुले त्यातून जाऊन येतील आणि भत्ता हाती आल्यावर पैसे परत करतील. संमेलनाच्या एका जेवणावळीच्या खर्चात हे होण्याजोगे आहे.

दिवाळी अंक घरी येतो तेव्हा पुढच्या उन्हाळ्याच्या काही मुदती संपलेल्या असतात आणि काही दोन-चार दिवसांवर असतात. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जानेवारीच्या अखेरच्या मुदती अजून गाठता येतात. शिक्षकांना भेटायला त्याने दिवाळीची सुट्टी संपताच जावे. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे पूर्ण वर्ष आहे. त्याने या सुट्टीत आपल्या विषयातला एक ताजा निबंध उघडावा आणि न कळलेल्या गोष्टींची यादी करायला घ्यावी.